ओल, विटांच्या भिंतींतील : गिलाव्यापूर्वीचे उपाय

जुन्या घराच्या विटांच्या भिंतीत मुरलेले पाणी व क्षार नवा गिलावा चढवण्याआधी घालवण्याची प्रक्रिया. नव्या गिलाव्याने ओल झाकली जाते, जात नाही. म्हणून आधी पाण्याची वाट बंद करणे, मग भिंत वाळवणे आणि शेवटी गिलावा, हा क्रम मोडू नये.

कारणे : जोत्यात ओलप्रतिबंधक थर नसल्यास जमिनीतील पाणी विटा व दरजांमधील सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने वर चढते. ही ओल बहुधा जमिनीपासून सुमारे १ मीटर उंचीपर्यंत आडव्या पट्ट्यात दिसते. भिंतीच्या माथ्याकडील ओल फुटकी कौले किंवा तुंबलेली पन्हळ दाखवते. मधलाच डाग बहुधा गळक्या नळाचा असतो. गावठाणांत रस्ता भर घालून उंचावला की जोते बुजते आणि पावसाचे पाणी थेट भिंतीला लागते. अशा ठिकाणी बाहेरची भर काढून जमीन जोत्याच्या खाली आणणे व उतार देणे हाच पहिला उपाय होय.

परीक्षा : भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवतात. भिंतीकडच्या बाजूस दव आल्यास ओल आतली. खोलीकडच्या बाजूस आल्यास ती हवेतील बाष्पाची.

लोणा : पाणी सुकताना त्यातील क्षारांचे स्फटिक होतात. ते पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीसारखे जमतात. विटेच्या आत साचल्यास फुगून तिचा पापुद्रा उडवतात. पूर्वी गुरे बांधलेल्या भागात नायट्रेटे, तर किनाऱ्यालगत क्लोराइडे आढळतात. काही क्षार हवेतील दमटपणा शोषतात. त्यामुळे गळती थांबल्यावरही पावसाळ्यात भिंत ओली भासते.

कृती : ओलीच्या रेषेच्या वर ३० ते ५० सेंमी. पर्यंत जुना गिलावा काढतात आणि भुसभुशीत दरजा सुमारे २ सेंमी. खोल खरवडतात. लोणा कोरड्या ब्रशाने झाडून, गोळा करून घराबाहेर टाकतात. तो धुऊ नये. विरघळून पुन्हा विटेत मुरतो. खराब विटा बदलून दरजा चुन्याने भरतात.

उघडी भिंत वाळण्यास दर २५ मिमी. जाडीस सुमारे १ महिना धरतात. त्या हिशेबाने २३ सेंमी.च्या भिंतीला ९ महिने लागतात. दोन्ही बाजू उघड्या असल्यास वेळ कमी होतो. महाराष्ट्रात पावसाळा सरताच गिलावा काढल्यास कोरडे महिने पूर्ण मिळतात. वाड्यांच्या जाड भिंती मात्र एका मोसमात पुरत्या वाळत नाहीत.

गिलावा : उरलेली ओल बाहेर पडू देणारा चुन्याचा गिलावा जुन्या विटांना योग्य. घट्ट सिमेंट गिलाव्यामागे ओल कोंडून आणखी वर चढते. चुन्यात विटांची बारीक पूड, म्हणजे सुरखी, मिसळल्यास तो दमट जागीही धरतो. रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हियस यानेही ओलसर तळमजल्याच्या भिंतींना जमिनीपासून सुमारे ३ फुटांपर्यंत वाळूऐवजी कुटलेल्या खापराचा गिलावा सांगितला आहे. वाळलेल्या विटांनी गिलाव्यातील पाणी एकदम शोषू नये म्हणून कामाआधी पाणी शिंपडतात. ते पृष्ठभागापुरतेच असावे. गिलाव्यावर तैलरंग न देता चुन्याची सफेदी द्यावी. क्षार फार असल्यास पहिला गिलावा ते शोषून खराब होतो. तो काढून पुन्हा करणे हाही उपचाराचाच भाग मानावा.