धाडीनंतरचे दिवस

मानवी तस्करीच्या अभ्यासाकडे येणारी माणसे बहुधा धाडीच्या बातमीतून येतात. पोटमाळ्यावरची चोरखोली, तोंडावर ओढण्या घेतलेल्या मुली, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सुटका झालेल्यांचा आकडा. तुम्हीही त्याच वाटेने आला असाल तर बिघडत नाही. कायदा शिकणारे, समाजकार्यवाले, नुकतेच फौजदार झालेले, सगळ्यांचे स्वागत. फक्त एक आधीच सांगून ठेवते: इथला खरा अभ्यास धाड संपल्यावर सुरू होतो, आणि तो बराचसा कागदांचा आहे.

धाडीचा कायदा १९५६ चा, पोलिसांच्या बोलीत 'पिटा'. त्याच्या कलम १५ प्रमाणे विशेष पोलीस अधिकाऱ्याला वॉरंटाशिवाय झडती घेता येते. मात्र सोबत दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हवेत आणि त्यांत किमान एक स्त्री हवी. वाचायला सोपे आहे. रात्री अकरा वाजता कामाठीपुऱ्यात किंवा बुधवार पेठेत असे पंच उभे करून पाहा. मग नेहमीचे ओळखीचे लोक बोलावले जातात आणि खटला उभा राहिला की बचावाचा वकील पहिलाच प्रश्न टाकतो, 'याआधी किती पंचनाम्यांवर सही केलीत?' बोगस गिऱ्हाईक पाठवताना त्याच्याकडे दिलेल्या नोटांचे नंबर आधीच्या पंचनाम्यात लिहायचे असतात. नंतर जप्त झालेल्या नोटांशी ते तंतोतंत जुळावे लागतात. एक आकडा चुकला तरी बचावाला धागा मिळतो. महिनोन् महिने केलेली टेहळणी अशा जागी सांडते.

सुटका झालेल्या मुलीचे पुढे काय, हा त्याहून अवघड भाग. 'प्रेरणा' ही संस्था कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करते. तिच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये निर्णय दिला. अल्पवयीन मुलींना बाल कल्याण समितीपुढे न्यायचे, आणि कुंटणखानेवाल्याच्या किंवा दलालाच्या वकिलाने त्याच प्रकरणात त्या मुलींच्या वतीने उभे राहायचे नाही. ज्याने मुलीला कोंडले त्याचाच वकील 'माझ्या अशिलाला घरी जाऊ द्या' म्हणत तिला परत त्याच्याच हाती देऊ शकतो, हे थांबवायला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, यातून आधीची परिस्थिती ओळखा. माझ्या मते, कुठल्याही विशेष पथकाच्या स्थापनेपेक्षा या निर्णयाचे मोल जास्त आहे.

सज्ञान स्त्रीचा प्रश्न वेगळा, तो मुलींच्या प्रश्नात मिसळू नका. मालाडला ताब्यात घेतलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना त्यांच्या मर्जीविरुद्ध सुधारगृहात ठेवता येणार नाही, असे याच न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. सोडवण्याच्या नावाखाली कोंडणे हा या क्षेत्राचा जुना आजार आहे.

गोव्याचे उदाहरण कायदा कसा घडतो ते दाखवते. मडगावात अनाथ मुलांसाठी 'गुरुकुल' चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली, १९९६ मध्ये जन्मठेप. त्याच्याकडे मुलांची दोन हजारांवर छायाचित्रे सापडली होती. पुढे २००३ मध्ये आलेल्या गोवा बाल कायद्यात फोटो धुऊन देणाऱ्यांवरही जबाबदारी टाकलेली दिसते: मुलांची अश्लील चित्रे आढळली तर पोलिसांना कळवायचे. आता फोटो धुवायला कोण जातो? असे साहित्य फोनमध्ये साठवून ठेवणेही पॉक्सोच्या कलम १५ खाली गुन्हा ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले.

आणि जिथे धाड घालायला दारच नाही, तिथे? इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांची मुले काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात अहमदनगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला जात होती. २०२२ मध्ये त्यांतली दहा वर्षांची एक मुलगी मेली, तेव्हा यंत्रणेला जाग आली. मूल एका जिल्ह्यातले, राबते दुसऱ्यात, मेंढपाळ आज या शिवारात तर उद्या त्या. भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ (पूर्वीचे ३७०) भरती करणारा, नेणारा, ठेवून घेणारा, ताब्यात घेणारा अशा प्रत्येकाला वेगळा धरते. म्हणजे कायद्याला अख्खी साखळी दिसते. पोलीस ठाण्याला मात्र आपली हद्द. तपास बळकट करायचा म्हणजे या दोन नजरांतले अंतर कमी करायचे. त्यासाठी मूळ गावच्या ठाण्यातला हवालदार, कामगार खात्याचा निरीक्षक आणि तहसीलदार एकमेकांशी बोलायला हवेत. वेठबिगारीतून मोकळे झाल्याचा दाखला महसुलाकडून वेळेत निघाला नाही तर कुटुंब पुन्हा उचल घेते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते.

उलट बाजूही पाहायला हवी. मे २०२३ मध्ये दानापूर–पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची ५९ मुले भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवण्यात आली. ती मदरशात शिकायला निघाली होती. सोबतच्या शिक्षकांवर तस्करीचा गुन्हा नोंदला गेला, ते चार आठवडे तुरुंगात राहिले, मुले बालगृहात. पुढच्या वर्षी गैरसमज झाल्याचे सांगत रेल्वे पोलिसांनीच प्रकरण मिटवले. पालकांशी नीट बोलण्याचे काम अटकेच्या आधीचे असते. संशयाला धर्माचा किंवा भाषेचा वास लागला की ते काम नेमके मागे पडते, आणि खरा दलाल शेजारच्या डब्यातून निघून जातो.

कुठून सुरुवात करू, असे विद्यार्थी विचारतात. मी त्यांना आधी निर्दोष सुटकेचे निकाल वाचायला सांगते. पंच कुठे फुटला, वयाचा दाखला का टिकला नाही, पीडितेचा जबाब कुणासमोर आणि कोणत्या भाषेत घेतला, हे न्यायाधीश परिच्छेदागणिक लिहून ठेवतात. असे पाचसहा निकाल वाचून झाले की मग कायद्याचे पुस्तक उघडा.