सेवाग्रामची छायाचित्रे आणि संगणकीय रंगसंतुलन

दि. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात आले. १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम असे नामकरण झाले. येथील आश्रमजीवनाचे छायाचित्रण प्रामुख्याने कनू गांधी (१९१७-१९८६) यांनी केले. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यांनी रोलीफ्लेक्स कॅमेरा घेतला. फ्लॅश वापरू नये, मुद्दाम बसवून छायाचित्र घेऊ नये आणि आश्रमाकडून खर्च मागू नये, अशा गांधीजींच्या तीन अटी होत्या. त्यामुळे कुटीतील मंद उजेड हा या चित्रांतील दोष नसून त्यांच्या निर्मितीचा पुरावा ठरतो. संगणकावर चित्र ‘उजळविताना’ नेमका तोच पुसला जातो.

कृष्णधवल प्रतींवरील पिवळट झाकेविषयीही असेच म्हणता येईल. ती कधी अपुऱ्या धुलाईमुळे कालांतराने येते, तर कधी छायाचित्रकाराने मुद्दाम दिलेली सेपिया छटा असते. सॉफ्टवेअर दोन्ही झाका सारख्याच निर्विकारपणे काढून टाकते.

खरी अडचण नंतरच्या रंगीत प्रतींची आहे. १९६०-७० च्या दशकांतील अनेक रंगीत प्रतींतील निळसर-हिरवा रंगद्रव्यांश आधी फिका पडतो व चित्र तांबूस दिसू लागते. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रातील एखादा बिंदू रंगहीन मानून निवडला की तेथील लाल, हिरवा व निळा हे घटक समान केले जातात आणि त्या प्रमाणात संपूर्ण चित्र बदलते. सेवाग्रामच्या चित्रांत असा बिंदू म्हणून साहजिकच खादी निवडली जाते. परंतु ब्लीच न केलेली हातसुताची खादी मुळातच किंचित पिवळसर असते. तिला शुभ्र ठरविल्यास निळा घटक वाढतो आणि मातीच्या भिंती राखाडी दिसू लागतात. राष्ट्रीय चळवळीने खादीला दिलेली प्रतीकात्मक शुभ्रता येथे नकळत तांत्रिक प्रमाण होऊन बसते. शिवाय रंगांची फिकट सर्व छटांत सारखी नसल्याने एका बिंदूवर केलेली दुरुस्ती अपुरीच पडते. प्रत्येक रंगघटकाचा वक्र स्वतंत्रपणे हाताळावा लागतो.

स्कॅन करताना शेजारी प्रमाण रंगपट्टी ठेवण्याची पद्धत योग्यच आहे; मात्र ती यंत्राचा दोष दाखविते, प्रतीचा नव्हे. म्हणून मूळ स्कॅन अबाधित ठेवून प्रत्येक बदलाची नोंद करणे अभ्यासकास आवश्यक ठरते. बापू कुटी आजही उभी असल्याने तिच्या भिंतींशी रंग ताडून पाहण्याचा मोह होतो. पण शेणामातीच्या भिंती वेळोवेळी सारवाव्या लागतात; आजच्या भिंतीचा रंग हा आजच्या मातीचा रंग असतो.