चोथ्याचे मोजमाप

आम्ही शाळेत होतो तेव्हा आहाराच्या धड्यात चोथ्याच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्ये येत. चोथा पचत नाही, त्यापासून ऊर्जा मिळत नाही. मात्र त्याने पोट साफ राहते. यातील पहिले विधान अर्धेच खरे आहे आणि दुसरे तर चुकीचे. मग ही समजूत इतकी वर्षे टिकली कशी? तिच्या मुळाशी मोजण्याची एक पद्धत आहे.

ही पद्धत मूळची जनावरांच्या चाऱ्यासाठीची. १८६० च्या दशकात जर्मनीतील वेंडे येथे हेनेबर्ग आणि श्टोमान यांनी ती बसवली. नमुना आधी सौम्य आम्लात व नंतर सौम्य अल्कलीत उकळायचा. विरघळल्याविना जे उरेल ते 'क्रूड फायबर'. पद्धत सोपी, त्यामुळे ती माणसाच्या अन्नालाही लावली गेली. पण उकळत्या आम्लात विरघळते ते सारे आपल्या पोटात पचतेच असे नाही. पेक्टिन, डिंकासारखे पदार्थ आणि हेमिसेल्युलोजचा मोठा भाग या उकळण्यात निघून जातो. आपल्या पाचकरसांना मात्र हे पदार्थ दाद देत नाहीत.

याचा परिणाम आपल्याकडील तक्त्यांतही दिसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत १.६ ग्रॅम आणि बाजरीत १.२ ग्रॅम तंतू दाखवले आहेत. त्याच संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत हे आकडे सुमारे १०.२ आणि ११.५ ग्रॅम आहेत. ज्वारी-बाजरी तीच, मोजमाप बदलले. आता विकरांच्या साहाय्याने पोटातल्यासारखे पचन प्रयोगशाळेत घडवून जे न पचता उरते ते मोजतात.

हा बदल होण्यासाठी आधी कोणाला तरी चोथा महत्त्वाचा वाटावा लागला. युगांडात अनेक वर्षे शल्यविशारद म्हणून काम केलेल्या डेनिस बर्किट यांना तेथील खेड्यांत आंत्रपुच्छदाह, मोठ्या आतड्याचा कर्करोग हे आजार क्वचितच दिसले. १९७२ मध्ये त्यांनी वॉकर व पेंटर यांच्यासह एक तुलना प्रसिद्ध केली. क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या लोकांना गिळायला देऊन त्या बाहेर पडायला किती वेळ लागतो ते पाहिले. ब्रिटनमधील मैद्या-साखरेच्या आहारावरील लोकांत तीन दिवसांहून अधिक काळ लागे. युगांडातील खेडुतांत सुमारे दीड दिवस. मळाचे वजनही खेडुतांत कितीतरी जास्त. त्याच वर्षी ह्यू ट्रॉवेल यांनी आहारतंतूंची नवी व्याख्या मांडली : माणसाच्या पाचक विकरांना न जुमानणारा वनस्पतींच्या पेशीभित्तिकांचा अंश.

तरीही चोथा म्हणजे आतड्यातला झाडू, अशीच कल्पना होती. केंब्रिजमधील जॉन कमिंग्ज आणि अ‍ॅलिसन स्टीफन यांनी १९८० मध्ये दाखवले, की गव्हाच्या कोंड्याचा बराचसा भाग तसाच बाहेर पडतो आणि पाणी धरून ठेवतो. कोबीतील तंतू मात्र मोठ्या आतड्यातील जीवाणू जवळजवळ संपवून टाकतात व त्यांची संख्या वाढते. या किण्वनातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोट्या साखळीची मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. म्हणजे चोथ्यातून ऊर्जा मिळते. ग्रॅममागे सरासरी २ किलोकॅलरी धरतात. जुन्या पद्धतीत उकळून जाणारा भाग बहुतांशी हाच, आंबणारा होता!

बर्किट यांचे अनुमान मात्र सरळपणे सिद्ध झाले नाही. तंतू वाढवल्याने आतड्यातील गाठी पुन्हा होणे थांबते का, हे पाहणाऱ्या अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्यांत २००० साली तसा फायदा आढळला नाही. २०१५ मध्ये ओकीफ आणि सहकाऱ्यांनी एक वेगळा प्रयोग केला. दक्षिण आफ्रिकेतील खेडुतांना व अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांना, प्रत्येकी २० जणांना, दोन आठवडे एकमेकांसारखा आहार दिला. तंतू वाढलेल्या गटात ब्युटिरेटची निर्मिती वाढली, आतड्याच्या अस्तराचा दाह कमी झाला. दुसऱ्या गटात उलट घडले. पण आहारातील मेद आणि मांसही त्याच वेळी बदलले होते, त्यामुळे सारे श्रेय तंतूंना देता येत नाही.

आहाराची प्रत त्याच्या नावावरून ठरवणे म्हणूनच फसवे आहे. मैदा, साबुदाणा आणि पांढरा भात यांचा आहारही शाकाहारीच असतो, पण जीवाणूंच्या वाट्याला त्यातून फारसे येत नाही. मासळीच्या कालवणाबरोबर भाकरी आणि मटकीची उसळ असेल तर बरेच येते.

विद्यार्थ्यांकडून एका दिवसाच्या जेवणातील तंतूंची बेरीज जुन्या आणि नव्या अशा दोन्ही तक्त्यांवरून करून घ्यावी. दोन उत्तरांतला फरक पाहिला, की आकड्याबरोबर तो कसा मोजला हेही विचारायचे असते, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.