पाच सेकंदांत संपलेली जाहिरात

व्हिडिओआधी जाहिरात लागली की तुमचा अंगठा कुठे असतो? माझा तर ‘स्किप’वर टेकलेलाच असतो. याच बटणाला गायको नावाच्या अमेरिकन विमा कंपनीने एक भन्नाट उत्तर दिलं होतं.

त्यासाठी आधी 1936 मध्ये जाऊ. लिओ आणि लिलियन गुडविन या नवरा-बायकोने टेक्सासमध्ये ही कंपनी काढली. गिऱ्हाईक मुख्यतः सरकारी नोकर, कारण त्यांच्या गाड्यांचे अपघात कमी होतात असा हिशोब. आणि विमा विकायचा टपालाने! मधे एजंट नाही, कमिशन नाही, म्हणून हप्ता स्वस्त. आपल्याकडचा विमा एजंट आठवा. काकांच्या ओळखीचा, रविवारी सकाळी दारात हजर. त्याला कुठून स्किप करणार, चहा द्यावाच लागायचा! गायकोकडे असा माणूसच नव्हता. जाहिरात हाच त्यांचा एजंट.

1996 मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ती पूर्ण विकत घेतली आणि जाहिरातीचा नळ सोडला. 1995 चा मार्केटिंग खर्च 3.3 कोटी डॉलर, 1998 चा 14.3 कोटी! 1999 मध्ये आली हिरवी पाल. इंग्रजीत ती ‘गेको’, म्हणून लोकांचा नावात गोंधळ व्हायचा. त्यांनी त्याचीच जाहिरात केली. आपल्याकडे पाल चुकचुकली की शंका येते, तिथे पालीने विमा विकला.

मग 2010 च्या अखेरीस यूट्यूबवर स्किप करता येणाऱ्या जाहिराती आल्या. म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या एजंटच्या तोंडावर दार बंद. 2015 मध्ये गायकोने काय करावं? ही जाहिरात तुम्ही स्किप करूच शकत नाही, कारण ती संपलीसुद्धा, असं पहिल्या पाच सेकंदांतच सांगून टाकलं! जेवणाच्या टेबलावरचं कुटुंब हसत स्तब्ध होतं. व्हिडिओ मात्र थांबलेला नाही, नट श्वास रोखून बसलेत. तेवढ्यात घरचा दांडगा कुत्रा टेबलावर चढतो आणि सगळ्यांच्या ताटातलं स्पॅगेटी फस्त करतो. बटण समोर असूनही लोक बघत बसले. त्या वर्षी कान महोत्सवात तिला फिल्म विभागाचं ग्राँ प्री मिळालं.

मागच्या महिन्यात माझ्या स्कूटरचा विमा संपत आला. थर्ड पार्टी विमा कायद्याने लागतोच. फोनवर आठ-दहा कंपन्यांची यादी आली, त्यातली दोनच नावं ओळखीची वाटली. अटी न वाचताच त्यातली एक घेतली. तिची जाहिरात मी आजवर एकदाही पूर्ण पाहिलेली नाही.