खपली, निफाड आणि महाबळेश्वर : महाराष्ट्रातील तांबेरा-प्रतिकारक गहू पैदाशीचा इतिहास

प्रस्तावना

भारतातील गहू सुधारणेचा इतिहास बहुधा १९६६ पासून सांगितला जातो. त्या वर्षी मेक्सिकोतून सुमारे १८ हजार टन बियाणे आले व हरितक्रांतीस गती मिळाली. उत्पादनवाढीच्या दृष्टीने ही मांडणी योग्य असली, तरी रोगप्रतिकारकतेच्या दृष्टीने ती अपुरी आहे. खोडावरील तांबेऱ्याविरुद्धचा लढा महाराष्ट्रात त्यापूर्वी निदान तीन दशके चालू होता आणि त्यातील एक महत्त्वाचे साधन दख्खनच्या शेतकऱ्याच्या कणगीतच होते. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा आढावा घेऊन त्यातून निघणाऱ्या एका प्रश्नाची चर्चा केली आहे.

रोगाचे स्वरूप

‘पक्सिनिया ग्रामिनिस’ या बुरशीमुळे होणारा खोडावरील तांबेरा ‘काळा तांबेरा’ म्हणूनही ओळखला जातो. खोडावर व पानांच्या देठाकडील भागावर प्रथम विटकरी रंगाचे फोड येतात. पीक पक्व होताना ते काळे पडतात. खोडाची साल फाटल्याने पाणी व अन्नरस यांचे वहन खंडित होते आणि दाणे सुरकुततात. पिवळा तांबेरा थंड हवेत वाढतो, तर काळ्या तांबेऱ्यास उबदार हवा व दव मानवते. त्यामुळे उत्तरेपेक्षा मध्य भारत व दख्खन या प्रदेशांना त्याचा धोका अधिक राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नर्मदेच्या खोऱ्यात या रोगाने गव्हाची पिके बुडाल्याची नोंद ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांनी केली आहे. मात्र त्याची भीषणता १९४६-४७ च्या साथीने सर्वांसमोर आणली. मध्य भारत, महाराष्ट्र व राजस्थानच्या काही भागांत मिळून सुमारे २० लाख टन गव्हाचे नुकसान झाल्याचा अंदाज सांगितला जातो. बंगालचा दुष्काळ ताजा होता आणि देशात शिधावाटप चालू होते. अशा काळात एका बुरशीने केलेली ही हानी केवळ शेतीचा प्रश्न राहिली नाही.

रोग येतो कोठून?

उन्हाळ्यात मैदानी प्रदेशात गहू नसतो आणि तेथील उष्णतेत बुरशीचे बीजाणू तग धरत नाहीत. मग दरवर्षी हिवाळ्यात रोग पुन्हा कोठून येतो? आग्रा येथील प्रा. करमचंद मेहता यांनी आयुष्यभर या प्रश्नाचा पाठपुरावा केला. निलगिरी व पळणीच्या टेकड्या आणि हिमालयाच्या रांगा येथील थंड हवेत बीजाणू उन्हाळा काढतात व वाऱ्याबरोबर मैदानात उतरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे १९७० च्या दशकात नागराजन व जोशी यांनी बंगालच्या उपसागरातील वादळे आणि दक्षिणेतून मध्य भारताकडे होणारा बीजाणूंचा प्रवास यांचा संबंध दाखवला.

या शोधाचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट होता. रोग वाऱ्यावर येत असल्याने एका गावाने किंवा तालुक्याने दक्षता घेऊन भागणार नव्हते. त्या काळी मोठ्या क्षेत्रावर फवारणी करणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होते. प्रतिकारक्षम वाण हाच शाश्वत उपाय उरत होता.

निफाड व महाबळेश्वर

नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे १९३२ मध्ये गहू संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील स्थानिक निवडीतून तयार झालेल्या वाणांचा दाणा चांगला होता, परंतु तांबेऱ्यापुढे त्यांचा निभाव लागत नसे. १९४० मध्ये महाबळेश्वर येथे गव्हावरील तांबेऱ्यासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. सुमारे १३७० मीटर उंचीवरील थंड, धुकट हवा रोगास पोषक होती. म्हणूनच ती पैदासकारास उपयुक्त ठरली. रोगास बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी मुद्दाम लावून रोग पसरवायचा आणि त्यात जी झाडे तगतील ती निवडायची, अशी ही कसोटी होती. शिवाय मैदानात रब्बीत आणि येथे पावसाळ्यात पीक घेता येत असल्याने वर्षात दोन पिढ्या मिळू शकत व नवीन वाणाचा कालावधी कमी होई.

या प्रयत्नांतून ‘केनफाड’ ही वाणमालिका पुढे आली. नावातच तिची कुळकथा आहे : केनियातील प्रतिकारक गहू व निफाडचा गहू यांचा तो संकर होता. हरितक्रांतीच्या आधीच महाराष्ट्रातील पैदासकारांनी परदेशी प्रतिकारकता आणि स्थानिक गुणवत्ता यांचा मेळ घातला होता, याची ही साक्ष आहे.

खपलीचा प्रवास

प्रवास उलट दिशेनेही झाला होता. सातारा, सांगली, कोल्हापूर व उत्तर कर्नाटक या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या घेतला जाणारा खपली गहू अमेरिकेतील संशोधकांच्या हाती पडला. मिनेसोटा विद्यापीठाचे स्टॅकमन व लेव्हिन यांनी १९२२ मध्ये तांबेऱ्याच्या प्रजाती ओळखण्यासाठी १२ गव्हांचा संच निश्चित केला. कोणता गहू बळी पडतो व कोणता टिकतो यावरून प्रजातीचे नाव ठरे. त्या संचात ‘खपली’ हे नाव जसेच्या तसे आहे आणि बहुतेक प्रजातींसमोर तो टिकणारा ठरला.

ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा स्टाइनवेडेल या तेथील गव्हाशी संकर करून ‘खपस्टीन’ निर्माण केला. खपलीत २८ व रोटीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असल्याने हा संकर सोपा नव्हता. खपलीच्या वारशातून ‘एसआर १३’ व ‘एसआर १४’ ही प्रतिकारक जनुके शास्त्रीय नोंदीत आली. १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या व पुढे ‘यूजी ९९’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रजातीने जगभर वापरात असलेले ‘एसआर ३१’ हे जनुक निष्प्रभ केले. तेव्हा या गटातील अनेक प्रजातींना रोखणाऱ्या ‘एसआर १३’कडे संशोधकांचे लक्ष पुन्हा वळले.

पुण्यातील कार्य

पुण्यात १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीची स्थापना झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर तिचे संस्थापक-संचालक होते व १९९२ पासून तिची संशोधन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. ‘एमएसीएस २४९६’ व ‘एमएसीएस ६२२२’ हे रोटीच्या गव्हाचे वाण या संस्थेने दिले. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ‘एमएसीएस २९७१’ हा बुटका खपली वाण विशेष लक्षणीय आहे. जुनी खपली उंच वाढून लोळते, तिचे उत्पन्न कमी असते व तूस काढण्याचे काम वेगळे करावे लागते. या कारणांनी तिचे क्षेत्र घटत गेले होते. उंची कमी केल्याने लोळण्याची अडचण दूर झाली आणि खपली शेतात टिकण्यास आधार मिळाला.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, प्रतिकारकता ही एकदाच मिळवून ठेवण्याची वस्तू नाही. एकाच जनुकावर विसंबलेला वाण मोठ्या क्षेत्रावर पसरला की बुरशीची त्यावर मात करणारी प्रजाती फोफावते. ‘एसआर ३१’चा अनुभव हेच सांगतो. म्हणून निरनिराळ्या जनुकांची सांगड, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी अखंड चालणारी कसोटी आणि जुन्या वाणांचे जतन या तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत.

यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत सहज निसटणारी आहे. जनुकपेढीत बी जपता येते, परंतु बदलत्या हवेशी व रोगाशी त्याची झुंज शेतातच चालू राहते. ज्या शेतकऱ्यांनी कमी उत्पन्न सोसून खपली राखली, त्यांनी नकळत जगाच्या गव्हासाठी एक ठेव सांभाळली. शहरांतील वाढत्या मागणीमुळे आज खपलीस बरा भाव मिळू लागला आहे. हा भाव ओसरला तरी ती शेतात राहील अशी व्यवस्था करणे, हे या इतिहासाने आपल्यावर सोपवलेले दायित्व आहे.