गळा पाहून पद

नाट्यपदांच्या स्पर्धा ऐकायला मी अजूनही आवडीनं जाते. मुलं मनापासून गातात, तयारीही चांगली असते. पण एक गोष्ट खटकते. पदं ठरलेली असतात, आणि ती ज्यानं गाजवली त्याच्याच पट्टीत, त्याच्याच तानांसकट म्हणायचा हट्ट असतो. कोवळ्या आवाजाची मुलगी दीनानाथांच्या तानेवर झडप घालते, पाठोपाठ भरदार आवाजाचा मुलगा बालगंधर्वांची रुक्मिणी लाजवायला बघतो. पालक टाळ्या वाजवतात. मला मात्र वाटतं, अरे, हे अंगावर बेतून शिवलेले कपडे होते, दुकानात टांगलेले नव्हेत!

बेतून म्हणजे अगदी खरोखर. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' आणलं, दोन वर्षांनी 'सौभद्र'. बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर कंपनीत आले आणि शकुंतला-सुभद्रेच्या पदांना त्यांचा उंच, निकोप गळा मिळाला. पुढे वय वाढलं तसे भाऊराव पुरुषभूमिकांकडे वळले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या भूमिकांनी नाव दिलं त्या उतरवून ठेवायला धैर्य लागतं.

खरी गंमत आहे ती 'मानापमाना'त. खाडिलकरांचं हे नाटक १२ मार्च १९११ ला रंगभूमीवर आलं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. बालगंधर्वांचा गळा गोड आणि लवचीक. शब्दाला न दुखवता त्याच्याभोवती फिरणारा. ठुमरीचं लाडिक वळण त्याला असं बसलं की भामिनीचा तोराही गोड वाटावा. १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी थेट ख्यालाच्या चिजा पुढे केल्या, त्यावर खाडिलकरांनी शब्द बसवले. गाणारा कोण हे आधीपासून ठाऊक होतं, म्हणूनच हे धाडस झालं.

आता धैर्यधर. तो गरीब पण शूर सेनापती. श्रीमंत भामिनी त्याचा अपमान करते आणि पुढे वनमाला बनून त्याच्याच प्रेमात पडते. हा माणूस गाणार कसा? ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. गंधर्व कंपनी आणि ललितकलादर्श एकत्र, भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. केशवरावांनी लहान वयात देवलांची शारदा करून नाव मिळवलं होतं. त्यांचा आवाज चढा आणि धारदार. त्या रात्री कोण जिंकलं यावर आमच्या वडिलांच्या पिढीनं आयुष्यभर वाद घातले. (ज्यांनी तो प्रयोग पाहिला नव्हता ते जास्त तावातावानं!) मला तो वादच व्यर्थ वाटतो. केशवराव बालगंधर्वांसारखे गायले नाहीत, बालगंधर्व केशवरावांच्या मागे धावले नाहीत. म्हणून तर प्रयोग रंगला. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

पुढे हाच धैर्यधर मास्टर दीनानाथांकडे आला. त्यांचं गाणं म्हणजे वीज. अनपेक्षित स्वरावर उडी, चक्राकार ताना. टेंब्यांच्या चालीत ते मावणारं नव्हतं, तेव्हा त्यांनी चालीच बदलल्या. भूमिका तीच, शब्द तेच, पण गळा निराळा म्हणून पद निराळं. आज मुलं धैर्यधराची जी पदं म्हणतात ती बहुतेक या दुसऱ्या चालीतली. दीनानाथांनी मिळालेली चालसुद्धा स्वतःच्या गळ्याला लावून पाहिली, आणि आपण त्यांची प्रत्येक हरकत जशीच्या तशी उचलतो! याला काय म्हणावं?

सगळ्यांनी गायलंच पाहिजे असंही नव्हतं. गणपतराव बोडस गंधर्व कंपनीचे एक मालक, पण ख्याती गद्य अभिनयाची. १९१९ च्या 'एकच प्याला'त त्यांनी सुधाकर केला आणि गाण्याचा भार बालगंधर्वांच्या सिंधूवर राहिला. शाळेच्या स्नेहसंमेलनात हा बोडसांचा दाखला मला फार उपयोगी पडे. नववीतल्या एका मुलाला 'सौभद्रा'तला कृष्ण हवा होता, पण आवाज नुकताच फुटलेला. सूर वर गेला की चिरकायचा आणि वर्ग हसायचा. त्याला बलराम दिला, पदं गाळली. काय चिडला बलराम! तो राग निम्मा माझ्यावरचा असावा. पुढच्या वर्षी तो गायला, पेटीची पट्टी बरीच खाली घेऊन.

बालगंधर्वांच्या उत्तरायुष्याबद्दल लिहिताना हात जड होतो. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त त्यांनी एकनाथ केला, पण जीव तिथे रमला नाही. पुन्हा शालू नेसून उभे राहिले, साठी उलटल्यावरही. कर्ज होतं, सवय होती, प्रेक्षकांची मायाही होती. डोळे मिटून ऐकणाऱ्यांना अजून सगळं मिळत होतं म्हणतात. मला वाटतं, 'कान्होपात्रे'तले अभंग त्या वयाला सर्वांत शोभले असतील. तिथे रूपाची गरज नाही, आर्तता पुरते.

भाचीची मुलगी परवा विचारत होती, "आजी, मी कुठलं पद घेऊ?" तिचा आवाज लहान, पण स्वच्छ. तिला मी 'कुलवधू' ऐकायला सांगितलं. १९४२ चं रांगणेकरांचं नाटक, संगीत मास्टर कृष्णरावांचं, गाणाऱ्या ज्योत्स्नाबाई भोळे. पदं आटोपशीर, भावगीताच्या अंगानं जाणारी. ताना कमी आहेत म्हणून ती जरा खट्टू झाली. एक ओळ सुरात, शब्द न चावता म्हणून बघ म्हटलं, मग बोलू.

आणि कधी कधी उलटही घडतं, गळा भूमिकेची वाट पाहत बसतो. वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे, पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँसाहेब. दीनानाथांचा ठसा वेगळाच. हे कुठल्या घराण्याचे, हा प्रश्न सुटेना. नोकरी लष्करी हिशेब खात्यात. १९६७ च्या डिसेंबरात दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' आलं, संगीत अभिषेकीबुवांचं. पंडितजी भार्गवराम आचरेकर, सदाशिव प्रसाद सावकार आणि खाँसाहेब आफताब हुसेन वसंतराव. घराण्याच्या अभिमानानं पेटलेला हा खाँसाहेब उभा केला तो एका घराण्यात न मावलेल्या माणसानं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. २०१५ च्या चित्रपटात भूमिका सचिन पिळगावकरांची आणि गळा वसंतरावांचे नातू राहुल यांचा, म्हणजे एका खाँसाहेबाला दोन माणसं लागली.