नेमबाज स्पर्धेत का उतरतो? दीडशे वर्षांचं उत्तर

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा सगळ्यांना खाशाबा जाधव आठवले. साहजिकच होतं. १९५२ नंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं होतं. मग बक्षिसाच्या रकमेवरून चर्चा रंगली. आपल्या सरकारने १ कोटी जाहीर केले, हरियाणाच्या धोरणात कांस्यालाच अडीच कोटी आहेत, पुढे वडिलांनीही नाराजी बोलून दाखवली, वगैरे वगैरे.

त्या सगळ्या गदारोळात मला मात्र एक साधा प्रश्न सुटत नव्हता. मुळात माणूस नेमबाजीच्या स्पर्धेत उतरतोच कशाला?

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. कुस्तीत समोर माणूस असतो. कबड्डीत गाव बघायला येतं. नेमबाजीत समोर काय, तर कागद. प्रेक्षक नाहीत, घाम दिसत नाही, टाळ्या नाहीत. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे वाक्यातल्या पूर्णविरामाएवढा. त्यावर नेम धरायचा तर रेंजवर एकट्यानेही धरता येतो. बरोबरीने नेम धरणारे आणखी पन्नास जण आणि मागे घड्याळ कशाला हवं?

याचं उत्तर इतिहासात शोधायला गेलो तर गंमत कळते. ही प्रेरणा आधी नेमबाजांच्या मनात आलेली नाही, सरकारांच्या मनात आलेली आहे.

इंग्लंड, १८५९. तिसरा नेपोलियन खाडी ओलांडून येणार अशी हवा होती. हजारो कारकून, दुकानदार, वकील स्वयंसेवक म्हणून बंदुका घेऊन उभे राहिले, पण नेम कुणाचाच धड नव्हता. म्हणून नॅशनल रायफल असोसिएशन निघाली आणि २ जुलै १८६० ला विम्बल्डनच्या माळावर पहिली स्पर्धा भरली. हो, टेनिसच्या आधी विम्बल्डन गाजलं ते बंदुकांनी. पहिला बार खुद्द व्हिक्टोरिया राणीने उडवला. व्हिटवर्थ रायफल लोखंडी घोडीवर आधीच नेम धरून बसवली होती, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. गोळी ४०० यार्डांवर जवळजवळ मधोमध लागली. स्पर्धेचं मोठं बक्षीस राणीच्याच नावाचं, २५० पौंडांचं. त्या काळात ती मामुली रक्कम नव्हती.

म्हणजे बघा: देशाला सैनिक हवे होते, पण माणसं कवायतीला कंटाळतात. बक्षीस लावलं, फलक लावला, शेजारच्या गावाचे गुण त्यावर लिहिले, की तीच माणसं रविवारी स्वखर्चाने सराव करतात.

अमेरिकेतही तेच. यादवी युद्धात सैनिकांचा नेम किती कच्चा आहे हे बघून हैराण झालेल्या दोघांनी, चर्च आणि विंगेट यांनी, १८७१ मध्ये तिथली रायफल असोसिएशन काढली. स्वित्झर्लंडमध्ये तर त्याही आधी, १८२४ मध्ये, आराऊ इथे पहिला राष्ट्रीय नेमबाजी मेळा भरला होता. तिथे वेगवेगळ्या कॅन्टनमधली माणसं एकत्र यावीत, आपण एक देश आहोत असं त्यांना वाटावं, हाही हेतू होता. आपल्याकडे गणेशोत्सवाने जे काम केलं, त्यातलं थोडंसं तिथे बंदुकीने केलं म्हणा.

आता आपल्याकडे या.

इंग्रज स्वतःच्या देशात नागरिकांना नेम शिकवत होते, त्याच काळात त्यांनी इथे १८७८ चा शस्त्र कायदा आणला. भारतीयाने परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही, युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत होते. अहिंसेचे पुजारी गांधीजी, पण १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात त्यांनीही या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या काळ्यात काळ्या कृत्यांत केली. कारण मुद्दा हिंसेचा नव्हताच. मुद्दा विश्वासाचा होता. ज्याच्या हातात बंदूक द्यायला राज्यकर्ता घाबरतो, तो नागरिक नसतो, रयत असते.

त्या काळात इथे नेमबाजीच्या स्पर्धा होत नव्हत्या असं नाही. संस्थानिक होते, लष्कर होतं आणि स्वयंसेवक रायफल दलं होती. रेल्वेचीही दलं होती. जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेचा पूर्वज, तिचंही एक होतं. त्यात असायचे युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकर. देशी माणसाच्या हातात त्या रेल्वेने कंदील दिला, झेंडी दिली, रायफल दिली नाही.

हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये आपली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. पहिले अध्यक्ष कोण? गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. मूळ रत्नागिरीकडचं घराणं, कर्मभूमी अहमदाबाद, आयुष्य गेलं गांधीजींच्या चळवळीत. असा माणूस रायफल संघटनेचा अध्यक्ष का होतो? मला यात विसंगती वाटत नाही. शस्त्र कायद्याचा अपमान ज्यांनी सोसला होता, त्या पिढीला स्वतंत्र देशाच्या नागरिकाने नेम धरायला शिकणं ही सन्मानाची गोष्ट वाटली असणार. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या पायरीवर मावळंकर स्पर्धा लागते. देशातली हजारो पोरं दरवर्षी 'मावळंकर खेळायला' जातात, आणि त्यातल्या बहुतेकांना हे गृहस्थ कोण ते माहीत नसतं. असो.

१९५२ च्या हेलसिंकीला हरिहर बॅनर्जी आणि सौरेन चौधरी हे भारताचे पहिले ऑलिम्पिक नेमबाज गेले. खाशाबांचीच ती स्पर्धा. त्यानंतरचा काळ राजेरजवाड्यांचा. बिकानेरचे महाराज कर्णी सिंह १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिम्पिक खेळले, १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं. पतियाळा घराण्यातले रणधीर सिंह १९७८ च्या बँकॉक आशियाडमध्ये सुवर्ण घेऊन आले. यांच्या घरात बंदूक होती, काडतुसं होती, वेळ होता. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचं दार लागल्यावर नेम दाखवायची जागा एकच उरली, स्पर्धा.

सामान्य माणसाचं काय? त्याच्यासाठी कायद्याने एक चमत्कारिक वाट ठेवली. साधी एअर रायफल विनापरवाना मिळते, पण पॉइंट टू-टू म्हटलं की परवाना. आणि परवाना, चांगली आयात बंदूक, पुरेशी काडतुसं हवी असतील तर स्पर्धेत ठरावीक गुण मिळवून 'रिनाउंड शॉट' व्हायचं. म्हणजे आपल्या देशात बंदूक असलेला माणूस स्पर्धेला जातो असं नाही, स्पर्धेला जाणाऱ्याला बंदूक मिळते. स्पर्धेत उतरायचं हे अगदी रोखठोक कारण आहे, आणि त्याला नावं ठेवायची गरज नाही. २०१९ च्या दुरुस्तीत सामान्य परवानाधारकाची हत्यारं तीनवरून दोनवर आणली, तेव्हाही खेळाडूंना सवलत ठेवावी लागली.

आणि मग आपला खास महाराष्ट्री रस्ता: एनसीसी, शालेय स्पर्धा, सवलतीचे गुण, नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. हसू नका. अंजली भागवत एनसीसीतूनच आली. सिडनी २००० ला ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेली पहिली भारतीय महिला नेमबाज. तिच्या मागे अथेन्सला सुमा शिरूर, दीपाली देशपांडे. मग कोल्हापूर. तेजस्विनी सावंतने २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत दोन सुवर्णं जिंकली. ती बघून त्याच गावातली राही सरनोबत पिस्तुलाकडे वळली आणि २०१८ च्या आशियाडमध्ये सुवर्ण जिंकली. तेजस्विनी २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. तालमीच्या गावात पोरींनी रायफलीची तालीम उभी केली.

इथे आणखी एक कारण दिसतं, आणि माझ्या मते ते पैशापेक्षा मोठं आहे: आपल्यासारखं कुणीतरी तिथे पोहोचलेलं दिसणं. बिकानेरचे महाराज बघून राधानगरी तालुक्यातल्या पोराला आपण नेमबाज व्हावं असं वाटणार नाही. गल्लीपलीकडची ताई बघून वाटतं.

स्वप्नील राधानगरीतल्या कांबळवाडीचा. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. प्रशिक्षक दीपाली देशपांडे, म्हणजे साखळीची आधीची कडी. २०१५ पासून मध्य रेल्वेत, पदक जिंकलं तेव्हा तिकीट तपासनीस. ज्या रेल्वेच्या पूर्वजाने देशी नोकराला रायफलीला हात लावू दिला नाही, तिच्याच टीसीने रायफलीत ऑलिम्पिक पदक आणलं. मला त्या पदकात १८७८ च्या कायद्याला दिलेलं उत्तर दिसतं.

इथपर्यंतची सगळी कारणं बाहेरची झाली. भीती, बक्षीस, परवाना, गुण, नोकरी, शेजारची ताई. पण ती पहिल्या स्पर्धेपर्यंत नेतात. दहाव्या वर्षी, दोनशेव्या स्पर्धेला माणूस का जातो?

हंगेरीचा कारोली ताकाच. सार्जंट होता म्हणून १९३६ च्या संघात घेतला नाही. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून उजवा हात गेला. नेम धरायचा तोच हात. गड्याने गुपचूप डाव्या हाताने सराव केला. पुढे महायुद्धात दोन ऑलिम्पिक बुडाली. १९४८ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, लंडनला विश्वविक्रमासह सुवर्ण, १९५२ ला पुन्हा. याला कुठली नोकरी हवी होती? त्याला हात गेल्यावर आपण कोण उरलो हे बघायचं होतं. आणि ते घरच्या अंगणात कळत नाही. अंगणात वाऱ्याला दोष देता येतो, 'आज मन नव्हतं' म्हणता येतं. स्पर्धेत गोळी सुटली की आकडा लागतो. परत मागता येत नाही.

दुसरं उदाहरण १९७६, माँट्रियल. तेव्हा या प्रकारात बायका-पुरुष एकत्र खेळत. लॅनी बॅशम आणि मार्गारेट मर्डॉक दोघांचे ११६२ गुण. बारकाईने मोजून सुवर्ण बॅशमला दिलं. हाच बॅशम चार वर्षांपूर्वी म्युनिकला रौप्य मिळालं म्हणून खचला होता. विजेत्यांना गाठून 'तुम्ही विचार काय करता' असं विचारत फिरला होता. आता सुवर्ण हातात आलं, तर राष्ट्रगीताच्या वेळी त्याने मर्डॉकला वरच्या पायरीवर आपल्या शेजारी ओढून घेतलं. पदकासाठीच खेळणारा माणूस असं करत नाही.

उलट बाजूही बघा. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये शेवटच्या गोळीला १०.८ मारून देशाचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण आणलं, आणि त्यानंतर आलेल्या पोकळीबद्दल तो उघडपणे बोलला आहे. ध्येय गाठलं, आता उद्या सकाळी उठायचं कशासाठी? नुसत्या पदकाच्या प्रेरणेची ही मर्यादा आहे.

म्हणून मला वाटतं, नेमबाज स्पर्धेत उतरतो तो शेजारच्या लेनमधल्याला हरवायला कमी, आणि दडपणाखाली आपला श्वास आपल्या ताब्यात राहतो का हे तपासायला जास्त. पण ही चैन त्यालाच परवडते ज्याला कुणीतरी पहिल्या स्पर्धेपर्यंत पोहोचवलेलं असतं. आतली प्रेरणा आतून उगवते खरी, तिला जमीन मात्र बाहेरून लागते.

आणि ही जमीन सध्या आक्रसते आहे. बर्मिंगहॅमच्या २०२२ राष्ट्रकुल स्पर्धेतून नेमबाजी वगळली, ग्लासगो २०२६ मध्येही ती नाही. ज्या स्पर्धेत तेजस्विनीचं सुवर्ण बघून राही घडली, ती पायरीच निघाली. ऑलिम्पिक चार वर्षांनी येतं आणि तिथे जागा मोजक्या. मधल्या पायऱ्या नसतील तर शाळेतली पोरं कुणाकडे बघून रायफल उचलतील?

तेव्हा बक्षीस १ कोटी की ५ कोटी हा वाद जरूर घाला, खेळाडूचा तो हक्क आहे. पण बक्षीस पोहोचलेल्याला मिळतं. विम्बल्डनच्या माळावर १८६० मध्ये इंग्रजांना एक गोष्ट कळली होती: माणसं नेम शिकावीत असं वाटत असेल तर जवळ रेंज हवी, स्वस्तात गोळी हवी आणि वरचेवर स्पर्धा हवी. आपल्या किती जिल्ह्यांत सरकारी शाळेतल्या मुलीला चालत जाता येईल अशी दहा मीटरची रेंज आहे? दहा मीटर म्हणजे किती, तर दोन वर्गखोल्यांची लांबी. पेलेट, एक उसनी रायफल आणि महिन्यातून एकदा फळ्यावर लिहिलेले गुण.

तुमच्या तालुक्यात अशी रेंज असेल तर कमेंटमध्ये नाव लिहा. नसेल तर तेही लिहा. निदान यादी तरी होईल.